हात थरथरला म्हणजे घाबरला? पोकरमधल्या ‘टेल्स’ची गोष्ट, बेंबळीतून

हेडफोन लावून ऐकणाऱ्यांना नमस्कार, आणि ऑफिसात आवाज बंद ठेवून इथं गुपचूप वाचणाऱ्यांनाही.

आजचा भाग पुण्यातून नाही, बेंबळीतून आहे. येळवशीला गावी आलो होतो. धाराशिव-लातूरकडच्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो: वेळ अमावस्येला आमच्याकडे सगळं गाव शेतात जातं, कडब्याच्या कोपीत पूजा होते आणि मग भज्जी, आंबील असं पोट फुटेस्तोवर जेवण. तेच जेवण पचवत माडीवर बसून हे रेकॉर्ड केलंय. मागं पिठाच्या गिरणीचा आवाज येईल, तेवढा चालवून घ्या. बोललो तसंच इथं उतरवलंय, फक्त माझे ‘अ‍ॅक्च्युअली’ काढून टाकलेत.

विषय आहे पोकर. त्यातही एकच गोष्ट: समोर बसलेल्या माणसाकडे बघून त्याच्या हातातली पानं ओळखता येतात का? पोकरवाले अशा खुणांना ‘टेल’ म्हणतात. म्हणजे माणूस तोंडानं सांगत नाही, पण त्याचं अंग सांगून जातं.

हा विषय का काढला, तर माझ्या चुलत भावानं, बाळूनं, मला विचारलं. त्याच्याकडे येतोच. आधी माझे आठ हजार कसे गेले ते ऐका.

मांडवी नदी, शेवटचं पान

तीनेक वर्षांपूर्वी ऑफिसची मंडळी गोव्याला गेलो होतो. गोव्यात १९७६ चा जुगाराचा कायदा आहे, त्यात नव्वदच्या दशकात बदल झाले आणि जहाजावरचे कॅसिनो कायदेशीर झाले. पणजीत मांडवीच्या पात्रात ती रोषणाईची जहाजं उभी असतात, त्यातल्या एकावर आम्ही गेलो. बाकीचे रुलेटकडे पळाले, मी वीस हजारांच्या चिप्स घेऊन पोकरच्या टेबलावर बसलो. जायच्या आधी पंधरा दिवस मी यूट्यूबवर देहबोलीचे व्हिडिओ बघत होतो. डोक्यात हवा भरली होती, दुसरं काय.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेक्सस होल्डेम पोकरमध्ये प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती फक्त त्यालाच दिसतात. मग टेबलावर सगळ्यांसाठी पाच पानं उघडतात: आधी तीन, मग एक, मग आणखी एक. या सातांतून ज्याची पाच पानं सगळ्यांत भारी तो जिंकला. प्रत्येक टप्प्याला पैसे लावायचे किंवा पानं टाकून द्यायची. आपल्या तीन पत्तीत चाल आणि पॅक असतं तसंच. आणि तीन पत्तीसारखंच, हातात काही नसताना मोठी चाल लावून समोरच्याला पळवता येतं. तो ब्लफ.

तर माझ्या हातात एक्का आणि राजा. टेबलावर एक्का, चौकी, सत्ती, मग नव्वी आणि शेवटी पुन्हा नव्वी. म्हणजे माझ्याकडे एक्क्यांची जोडी आणि नव्व्यांची जोडी. मधे सोळा हजार जमलेले. समोर पन्नाशीचा एक शांत गृहस्थ, संध्याकाळभर नुसता सोडा पीत बसलेला. त्यानं आठ हजार पुढे सरकवले आणि त्याचा हात थरथरला. चांगला दिसेल एवढा. चिप्स एकमेकींवर आपटून वाजल्या.

मला आनंदाच्या उकळ्या! म्हटलं, सापडला. घाबरलाय. हातात काही नाही आणि आठ हजार लावलेत, हात कापणारच. चोराच्या मनात चांदणं. मी आठ हजार टाकले.

त्यानं पानं उघडली. चौक्यांची जोडी. टेबलावरची चौकी धरून तीन चौक्या आणि दोन नव्व्या. फुल हाऊस.

आठ हजार म्हणजे आमच्याकडच्या भावानं साधारण दोन क्विंटल सोयाबीन. एका हाताच्या थरथरीवर गेलं. पण पैशांपेक्षा जास्त दिवस मला एक गोष्ट खात राहिली: मी बघितलं ते तर बरोबरच होतं! हात थरथरला होता. डोळा चुकला नव्हता. मग चुकलं काय?

थरथर कशाची?

चुकला तो अर्थ.

दहावीचा निकाल मोबाइलवर उघडतानाचं आठवा. आकडा दिसला, चांगला दिसला, आणि त्यानंतर हात कापायला लागले. वाईट बातमीनंच अंग थरथरतं असं नाही. शरीराला चांगलं-वाईट कळत नाही, त्याला फक्त ‘काहीतरी मोठं झालंय’ एवढं कळतं. अ‍ॅड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते, बोटं थरथरतात. ज्याच्या हातात फुल हाऊस आलंय आणि मधे चोवीस हजार पडलेत, त्याला मोठंच काहीतरी झालेलं असतं.

उलट ब्लफ मारणारा काय करतो? त्याला माहीत असतं की सगळे आपल्याकडे बघतायत. तो स्वतःला आवळून धरतो. हालचाल कमी, श्वास रोखलेला, पुतळ्यासारखा. घाबरलेला माणूस कापतो ही आपली समजूत सिनेमातून आलीय. पत्त्यांच्या टेबलावर घाबरलेला माणूस बऱ्याचदा गोठतो.

हे मी शोधलेलं नाही. माईक कॅरो नावाच्या अमेरिकन खेळाडूनं १९८४ साली टेल्सवर एक आख्खं पुस्तक काढलं, फोटोंसकट. पोकरवाले आजही त्याचं नाव घेतात. थरथरता हात म्हणजे बहुधा भारी पानं, हे त्यात आहे. मी पंधरा दिवस व्हिडिओ बघितले आणि नेमकं हेच बघितलं नव्हतं.

नाटक आणि निसटलेलं

कॅरोच्या म्हणण्यात मला सगळ्यांत कामाची वाटलेली गोष्ट म्हणजे खुणा दोन जातीच्या असतात. एक नाटकाच्या, दुसऱ्या निसटलेल्या.

नाटकाच्या खुणा माणूस मुद्दाम दाखवतो. आणि नाटक नेहमी उलटं असतं. भारी पानं असलेला उसासा टाकतो, खांदे पाडतो, ‘जाऊ दे, लावतो बाबा’ म्हणतो. हलकी पानं असलेला छाती काढून बसतो, डोळ्यात डोळे घालून बघतो, चिप्स आपटतो. कॅरोचा नियम साधा आहे: कमजोरी दाखवतोय तर तो भारी समजा, ताकद दाखवतोय तर हलका समजा.

आपल्याला हे नवीन आहे का? बाजारात दुकानदार म्हणतो, ‘परवडत नाही हो, पण तुमच्यासाठी देतो.’ त्याला नुकसान झालं असं कुणाला वाटतं का? आपण हसतो आणि आणखी पन्नास कमी करायला सांगतो. तोच नियम आहे, फक्त टेबल वेगळं.

निसटलेल्या खुणा माणसाला कळतही नाहीत. टेबलावर पान उघडलं आणि नजर क्षणभर स्वतःच्या चिप्सकडे गेली, तर मनात पैसे लावायचा विचार आलाय, म्हणजे पान उपयोगी पडलं असावं. पान लागलंय तो लगेच दुसरीकडे बघतो, जणू त्याला देणं-घेणं नाही. नाही लागलं तो टेबलाकडे टक लावून बघत राहतो, कुठंतरी काहीतरी सापडेल म्हणून. थरथर याच जातीची. ती ठरवून आणता येत नाही आणि ठरवून थांबवताही येत नाही.

इथं एक अडचण आहे. समोरच्यानंही कॅरो वाचला असेल तर? मग तो नाटकाचं नाटक करेल. म्हणून अनुभवी माणसासमोर उसासे आणि टक लावणं फारसं धरू नका. निसटलेल्या खुणांना थोडा तरी भाव आहे.

चेहरा बघू नका, हात बघा

आता थोडं संशोधनाकडे. ‘पोकर फेस’ हा शब्द एवढा चालतो, म्हणून सगळे चेहऱ्याकडे बघतात. २०१३ साली सायकॉलॉजिकल सायन्स या नियतकालिकात मायकल स्लेपियन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. त्यांनी २००९ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमधल्या खेळाडूंच्या, पैसे लावतानाच्या छोट्या क्लिप घेतल्या आणि विद्यार्थ्यांना विचारलं: याची पानं किती चांगली वाटतात? काहींना कमरेवरचं सगळं अंग दाखवलं, काहींना फक्त चेहरा, काहींना फक्त हात.

सगळं अंग बघणाऱ्यांना काही विशेष कळलं नाही. फक्त चेहरा बघणारे नुसत्या नशिबावर सोडलं असतं त्यापेक्षाही वाईट निघाले. आणि फक्त हात बघणाऱ्यांचे अंदाज नशिबापेक्षा बरे आले. चांगली पानं असलेल्यांचा हात चिप्स सरकवताना जास्त सहज, अडखळ न होता फिरत होता.

आता तुम्ही म्हणाल, अरे, आत्ताच सांगितलंस थरथर म्हणजे भारी, आणि आता म्हणतोस सहज हात म्हणजे भारी. बरोबर पकडलंत. ते टीव्हीवरचे मुरलेले खेळाडू होते, रोज लाखोंच्या चिप्स हलवणारे. माझ्यासमोरचा गृहस्थ हौशी होता. एकाला भारी पानं आली की हात मोकळा होतो, दुसऱ्याला आली की हात कापतो. म्हणजे ‘थरथर बरोबर अमुक’ असा कोश काढून पाठ करता येत नाही. माणूस बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो.

आणि आपण माणसं ओळखतो या भ्रमाबद्दल एक आकडा सांगतो. समोरचा खरं बोलतोय की खोटं, हे लोकांना कितपत कळतं यावर २००६ साली चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी आधीचे सगळे अभ्यास एकत्र केले. २४,४८३ लोकांचे अंदाज. बरोबर किती? सुमारे ५४ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५० आले असते. मला गोव्यात स्वतःबद्दल ९० टक्के खात्री होती.

तात्यांचा टॉवेल

कोश नाही तर मग करायचं काय? याचं उत्तर मला इथं बेंबळीत मिळालं, तात्यांकडून. तात्या म्हणजे माझे चुलते, बाळूचे वडील. तरुणपणी बैलांचा व्यापार करायचे. लातूरकडचा हाळी-हंडरगुळीचा जनावरांचा बाजार तुम्ही ऐकला असेल, तिथंही जायचे.

जनावरांच्या बाजारात भाव बोलून करत नाहीत, हे आमच्या पिढीतल्या किती जणांनी बघितलंय माहीत नाही. घेणारा आणि देणारा हातात हात घेतात, वर टॉवेल किंवा उपरणं टाकतात आणि आत बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच कळतो. तोंडानं मात्र ‘आरं बघ की जरा’, ‘न्हाई जमत’ एवढंच.

मी तात्यांना विचारलं, “तात्या, समोरचा कुठवर उतरणार हे तुम्हाला चेहऱ्यावरून कळायचं?”

तात्या म्हणाले, “तोंड काय बघायचं रं? तोंड त्याच्या हातात आसतंय. हात माझ्या हातात आसतोय.”

मी तिथंच वही काढली. पुढं म्हणाले, “आधी बैलाचं नावच काढायचं न्हाई. पाऊस कसा झाला, पोरगी कुठं दिली, च्या पिऊ. त्यात कळतंय गडी सुधा हाय का तापट, हात ढिला धरतोय का आवळून. मग भाव काढायचा. मग जे बदलंल ते बघायचं.”

मंडळी, पोकरच्या सगळ्या पुस्तकांत ज्याला ‘बेसलाइन’ म्हणतात ते हेच. आधी माणूस नेहमी कसा असतो ते बघून ठेवायचं आणि मग बदल धरायचा. जो कायम बडबड्या आहे तो बडबडला तर काही कळत नाही, तो गप्प झाला तर कळतं. गोव्यात मी त्या गृहस्थाकडे त्या एका डावाआधी तासभर बघितलंच नव्हतं. माझी पानं, माझ्या चिप्स आणि माझा मोबाइल. मग त्या थरथरीची तुलना मी कशाशी करणार होतो?

आता जरा हिशेब

मी बीटेक माणूस, आकड्याशिवाय समाधान होत नाही. घाबरू नका, पाचवीचं गणित आहे.

मधे सोळा हजार होते, त्यानं आठ लावले. मी आठ टाकले तर एकूण बत्तीस होणार. म्हणजे बत्तीस मिळवायला माझे आठ. तो चारात एकदा, २५ टक्के वेळा तरी ब्लफ मारत असेल तर माझा सौदा बरोबरीत सुटतो. त्यापेक्षा जास्त वेळा मारत असेल तर टाकावेत, कमी असेल तर पानं ठेवून द्यावीत.

आता समजा, त्याच्या आधीच्या चालींवरून माझा अंदाज आहे की अशा १०० वेळांत ३० वेळा तो ब्लफ मारतो आणि ७० वेळा खरी पानं असतात. हे सगळे आकडे मी समजायला सोपे जावेत म्हणून धरलेत. आणखी समजा, खरी पानं असताना त्याचा हात शंभरात ४० वेळा थरथरतो आणि ब्लफमध्ये २० वेळा.

मग थरथर किती वेळा दिसेल? खऱ्या ७० मध्ये २८ वेळा, ब्लफच्या ३० मध्ये ६ वेळा. एकूण ३४. थरथर दिसली तर ब्लफ असण्याची शक्यता ३४ पैकी ६, म्हणजे १८ टक्के. पंचवीसच्या खाली. पानं ठेवून द्या.

मी अर्थ उलटा लावला होता, तेवढाच बदल करून बघू. ब्लफमध्ये ४० वेळा आणि खऱ्यात २० वेळा थरथर. ब्लफचे १२, खऱ्याचे १४. आता शक्यता २६ पैकी १२, म्हणजे ४६ टक्के. डोळे झाकून टाका आठ हजार! माणूस तोच, पानं तीच, हाताची थरथर तीच. अर्थ फिरवला आणि निर्णय फिरला.

या हिशेबात आणखी एक गोष्ट दिसते, ती व्हिडिओवाले सांगत नाहीत. समजा तो शंभरात दहाच वेळा ब्लफ मारणारा आहे. मग खूण न बघताही पानं ठेवायचीच होती. समजा साठ वेळा मारणारा आहे. मग थरथर धरूनही ब्लफची शक्यता ४३ टक्के येते, म्हणजे टाकायचेच होते. खूण उपयोगी पडते ती फक्त काट्यावरच्या निर्णयात. बाकी सगळं काम त्याच्या चाली करतात: आधी किती लावले, कधी लावले, त्याची गोष्ट जुळते का.

याचा पुरावा हवा तर जानेवारी २०१७ बघा. कार्नेगी मेलन विद्यापीठाचा लिब्रेटस नावाचा प्रोग्रॅम पिट्सबर्गच्या एका कॅसिनोत चार व्यावसायिक खेळाडूंविरुद्ध वीस दिवसांत १,२०,००० डाव खेळला आणि चौघांनाही हरवून गेला. ट्युओमस सँडहोम आणि नोम ब्राउन यांनी तो बनवला होता. लिब्रेटसला डोळे नव्हते. कुणाचा हात थरथरला, कुणी उसासा टाकला, त्याला काही दिसत नव्हतं. नुसत्या चालींवर त्यानं बाजी मारली. त्यामुळे कुणी तुम्हाला ‘टेल्स शिका आणि लाखो कमवा’ असा कोर्स विकत असेल तर तुम्हीच विचार करा, कोण ब्लफ मारतंय.

चिंचोके आणि पहाटेची मोटर

आता बाळू. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, आणि त्याच्या मोबाइलवरची पोकर-रमी बंद पडली. मग पोरं एका शेडवर समोरासमोर बसायला लागली, तीन पत्ती. बाळूचं म्हणणं, “दादा, मोबाइलवर तोंड दिसत नव्हतं. आता दिसतंय. तू मला टेल्स शिकव.”

मी म्हटलं, शेडवर येणार नाही. महाराष्ट्रात पैसे लावून असा अड्डा चालवणं आणि तिथं खेळणं १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात बसतं, आणि मला कंपनीत ते समजावून सांगायचं नाही. माडीवर बस, चिंचोक्यांवर शिकवतो. बाळू आणि त्याचे तीन मित्र आले. प्रत्येकाला पन्नास चिंचोके.

आधी तीन पत्तीचा हिशेब सांगितला. ५२ पानांतून तीन पानांचे २२,१०० हात होतात. त्यातले १६,४४० नुसतेच, जोडीसुद्धा नाही. म्हणजे चारातले जवळपास तीन हात रिकामे. जोडी १७ टक्के. तिघं एकसारखे फक्त ५२. पोरं गार पडली. त्यांना वाटत होतं, ट्रेल ‘येतच असते’.

मग खेळलो. तासभर कुणाच्या चेहऱ्यावर काही नाही, हात दगडासारखे. खुणाच नाहीत! चिंचोके गेले तर जातंय काय? अंग तेव्हाच बोलतं जेव्हा काहीतरी जाणार असतं.

म्हणून मी नियम बदलला. त्या आठवड्यात आमच्याकडे शेतीला रात्रीची लाइट होती. ठरलं, जो हरेल त्यानं पहाटे चार वाजता उसाला पाणी द्यायला जायचं, सगळ्यांच्या वतीनं. येळवशीच्या वेळची थंडी काय असते ते विचारू नका. पाच मिनिटांत टेबल जिवंत झालं. बाळूचा एक मित्र सुपारी चघळत होता. त्याच्याकडे मी वीसेक डाव बघत होतो, जबडा कायम चालू. एका डावात त्यानं मोठी चाल लावली आणि जबडा थांबला. मी शो मागितला. नुसती राणी होती.

पोरं ओरडली, “दादा, जादू!” मी म्हटलं, जादू काही नाही. वीस डाव बघितले म्हणून एक दिसला. आणि पुढच्या वेळी तो सुपारी थुंकून बसेल.

सगळे गेल्यावर बाळू पानं गोळा करत बसला. गप्प होता. हाताला येईल ते पान दुमडत होता. मला वाटलं, पहाटे मोटर चालू करायला जायचंय म्हणून रुसलाय, कारण हरला तोच होता. पण मघापासून मीच सांगत होतो ना, की दिसलं ते खरं, अर्थ विचारल्याशिवाय कळत नाही. पोकरच्या टेबलावर विचारता येत नाही. माडीवर येतं. म्हणून विचारलं.

चौदा हजार. शेडवर गेलेले. यंदा सप्टेंबरच्या पावसानं आमच्याकडे सोयाबीनचं काय केलं ते तुम्ही बातम्यांत बघितलंय. जे थोडं हाती लागलं त्यातले चौदा हजार. टेल्स शिकायचे होते ते परत काढायला.

मी त्याला वहीत मांडून दाखवलं. शेडवाला प्रत्येक डावातून नाल काढतो. चौघं दिवसभर खेळले तर चौघांचे मिळून पैसे कमीच होणार, कुणी कुणाचं तोंड कितीही वाचो. नाल भरून निघेल एवढं तुला इतरांपेक्षा चांगलं खेळावं लागेल, फक्त बरोबरीत राहायला. आणि ज्याला चौदा हजार परत काढायचेत, त्याचा हात सगळ्यांत आधी थरथरतो. शेडवर वाचला जाणारा तूच आहेस.

दुसऱ्या दिवशी बाळूनं तात्यांना सांगितलं. मी शेजारीच बसलो होतो. तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “महिन्याभरापासनं मला ठावं हाय काहीतरी झालंय. पोरगं रोज पेट्रोलला पैसे मागतंय. महिना झाला, मागायचंच थांबलंय.”

मी मनात म्हटलं, वा! याला म्हणतात बेसलाइन. विचारलं, “मग तात्या, तुम्हाला कळलं होतं?”

“कळलं कुठलं? मला वाटलं, पोरीबिरीचं काय आसंल. लग्नाला पैसं साठवत आसंल.”

बाळू पहिल्यांदाच हसला. तात्या हसले नाहीत. चौदा हजारांचं काय करायचं ते अजून ठरायचंय, आणि शेडवर जायचं नाही यावर बाळूनं मान हलवलीय. ती मान खरी की नाटकाची, ते मी इथून सांगू शकत नाही. दर रविवारी फोन करून विचारणार आहे.

तर मंडळी, एवढंच होतं आज. हिशेबाचा भाग ऐकताना निसटला असेल तर वर पुन्हा वाचा, कागदावर करून बघा, आणि आकडा कुठं चुकला असेल तर खाली कमेंटमध्ये सांगा. गिरणी बंद झाली, म्हणजे लाइट गेली. माझी बॅटरी चार टक्क्यांवर आहे. भेटू पुढच्या भागात.